बांबूचा हिशेब आणि गावाची गोष्ट

ब्रह्मपुरीहून वैनगंगा ओलांडली की गडचिरोली जिल्हा लागतो. धानोरा तालुक्यातले मेंढा (लेखा) हे गोंडांचे छोटे गाव याच जिल्ह्यातले. या गावाविषयी मराठीत जे लिहिले जाते त्यात यशोगाथाच फार. २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क, २०११ मध्ये बांबूच्या वाहतूक परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती, आणि पुढे विक्रीचे आकडे. अलीकडे अशा घटनाक्रमाला ‘आदिवासी उद्योजकता’ म्हणण्याची रीत पडते आहे. माझा आक्षेप या नावाला आहे.

यात नवे काय घडले? बांबू जुना, तोडणारे हातही जुनेच. पूर्वी इकडचा बांबू भाडेपट्ट्याने कागद कारखान्याकडे जाई. १९२७ च्या वन कायद्याने त्याला ‘झाड’ ठरवले होते. २००६ च्या वनहक्क कायद्याने तो गौण वनोपजात आला. बदलली ती परवान्यावरची सही. नवलाई मालात नाही, अधिकारात आहे.

उद्योजक म्हटला की जोखीम घेणारी एकटी व्यक्ती डोळ्यांसमोर येते. देवाजी तोफा, मोहन हिराबाई हिरालाल ही नावे वाचकांना ठाऊक आहेत. पण मेंढ्यात निर्णय सर्वसहमतीने होतो. अभ्यासगटात चर्चा, ग्रामसभेत निर्णय. एकाचा विरोध असला तरी विषय थांबतो. बाजार याला दिरंगाई म्हणेल. गाव एकत्र राहते ते या थांबण्यामुळेच. मिलिंद बोकील यांनी पुस्तकाला ‘गोष्ट मेंढा गावाची’ हे नाव दिले, ते मला म्हणूनच नेमके वाटते. गोष्ट गावाची आहे, नायकाची नाही.

जमीन विकून वा गहाण टाकून भांडवल उभे करणे ही उद्योगातली नेहमीची वाट. २०१३ मध्ये ग्रामदान स्वीकारताना या गावाने जमिनीची खासगी मालकीच सोडायचे ठरवले. ‘उद्योजकता’ या शब्दात हा निर्णय कसा बसवायचा?

अर्थात, सर्वसहमतीचेही कौतुक डोळे मिटून करू नये. गप्प बसलेला माणूस सहमत आहे की दबलेला, हे इतिवृत्तात दिसत नाही. लहान, बहुतांशी एकाच समाजाच्या गावात जे साधले ते जातींनी विभागलेल्या मोठ्या गावात तसेच साधेल, असेही नाही. हे प्रश्न यशोगाथेत येत नाहीत, कारण तिचे लक्ष विक्रीच्या रकमेवर असते. बांबू किती रुपयांना गेला हे लिहिणाऱ्याने, तो तोडायचा नाही असे ठरवण्याचा हक्क कोणाचा, हेही लिहावे. झाडीपट्टीतल्या गावांचे बरेवाईट त्या हक्कावर ठरणार आहे.