स्टेपल इन : एका काष्ठवास्तूची पाठचिकित्सा

लंडनच्या हाय होबर्न रस्त्यावरील ‘स्टेपल इन’ची दर्शनी इमारत १५८५ च्या सुमाराची होय. १६६६ च्या महाअग्नीतून ती बचावली. त्यामुळे मध्य लंडनमधील एलिझाबेथकालीन काष्ठरचनेचा दुर्मिळ नमुना म्हणून तिचा गौरव केला जातो. हा गौरव अनाठायी नव्हे. तथापि तो नेमका कोणत्या काळाच्या कृतीचा, हा प्रश्न अभ्यासकाने टाळता कामा नये.

प्रथम रचनेचा विचार करू. तळमजल्यावर दुकानांची ओळ व वर कायद्याच्या व्यवसायातील मंडळींची राहण्याची आणि कामाची दालने, अशी तिची मूळ योजना. ‘ग्रेज इन’शी संलग्न असलेल्या एका विधिसंस्थेचे हे स्थान होते. वरचे मजले खालच्या भिंतीपेक्षा रस्त्याच्या बाजूस पुढे आलेले आहेत. जमिनीच्या आडव्या कड्यांची टोके भिंतीबाहेर काढून त्यांवर वरची भिंत उभी केली आहे. तिच्या भारामुळे कडीच्या मध्यभागाचा झोक कमी होतो. वरच्या रहिवाशाला अधिक जागा मिळते, तर खालच्या दुकानाला आडोसा. उपयोग आणि बांधणी यांचा असा मेळ हीच या वास्तूची खरी गुणवत्ता. जवळजवळ बसविलेले उभे खांब आणि माथ्यावरील सात त्रिकोणी शिखरे यांची लय तिच्यातूनच उद्भवते.

परंतु आज दिसणारे काळ्या लाकडाचे व पांढऱ्या भरावाचे मुख हे मूळ संहितेचे अखंड रूप नव्हे. १८८६ पर्यंतच्या छायाचित्रांत लाकूड गिलाव्याखाली झाकलेले असून खिडक्यांना सरकत्या झडपा आहेत. त्या वर्षी प्रुडेन्शियल या विमा कंपनीने ही वास्तू घेतली आणि १८८७ मध्ये आल्फ्रेड वॉटरहाउस या वास्तुशिल्पज्ञाने गिलावा काढून लाकूड उघडे केले. खिडक्याही जुन्या धर्तीच्या बसविल्या. चार्ल्स डिकन्सने १८७० च्या ‘एडविन ड्रूड’ या अपूर्ण कादंबरीत या स्थळाचे चित्रण केले, तेव्हा त्याच्यासमोर गिलाव्याचे मुख होते. आजचे मुख डोळ्यांसमोर ठेवून ते प्रकरण वाचणारा वाचक नकळत कालविपर्यास करतो.

वॉटरहाउसच्या बाजूनेही बोलण्यासारखे आहे. त्याच्यामुळे सांगाडा वाचता येऊ लागला. बांधणीचे तर्कशास्त्र दृग्गोचर झाले. परंतु गिलावा हा लेखनिकाचा प्रमाद नव्हता. तो उत्तरकालीन अभिरुचीने केलेला पाठ होता. विल्यम मॉरिसने १८७७ मध्ये स्थापन केलेल्या प्राचीन वास्तूंच्या संरक्षक संस्थेचा आग्रह नेमका हाच होता की, एका काळाच्या मोहाने इतर काळांचे थर खरवडून टाकू नयेत. अवघ्या दहा वर्षांनी येथे त्याच्या उलट घडले. खरवडलेला थर परत येत नाही. संपादकाने गाळलेला पाठभेद निदान तळटीपेत तरी उरतो.

१९४४ मध्ये उडत्या बाँबने मागील सभागृह उद्ध्वस्त झाले व युद्धोत्तर काळात ते पुन्हा उभारण्यात आले. म्हणजे एकाच नावाखाली १५८५, १८८७ आणि विसाव्या शतकाचा मध्य असे तीन पाठ नांदत आहेत. ‘अस्सल’ हे विशेषण सबंध वास्तूला लावण्यापेक्षा खांब, खिडकी व सभागृह यांना त्यांचा त्यांचा काळ देणे, हे समीक्षेचे पहिले कर्तव्य होय. सौंदर्याचा निर्णय त्यानंतरचा.