आज्ञापत्र आणि निवृत्तांचा सल्ला

रामचंद्रपंत अमात्यांच्या नावाशी निगडित असलेल्या ‘आज्ञापत्रा’चा विचार सामान्यतः तीन अंगांनी केला जातो. राजनीतीवरील ग्रंथ, दुर्ग व आरमार यांविषयीचे साधन आणि शिवोत्तरकालीन मराठी गद्याचा नमुना, ही ती तीन अंगे होत. चौथे एक अंग मात्र तितकेसे लक्षात घेतले जात नाही. दीर्घ सेवेत मुरलेल्या कारभाऱ्याने आपले ज्ञान अननुभवी माणसाच्या हाती कोणत्या भाषेत द्यावे, या प्रश्नाचे एक उत्तर म्हणूनही हा ग्रंथ वाचता येतो.

हा प्रश्न आज केवळ ऐतिहासिक राहिलेला नाही. अठ्ठावन्नाव्या वा साठाव्या वर्षी सेवेतून मुक्त झालेले अभियंते, हिशेबतपासनीस, बँक अधिकारी व प्राध्यापक सेवाभावी संस्थांना विनामूल्य सल्ला देताना दिसतात. अन्य देशांत या प्रवृत्तीला संघटित रूप पूर्वीच आले. अमेरिकेत १९६४ साली निवृत्त व्यवस्थापकांची ‘स्कोर’ ही संघटना लहान व्यावसायिकांच्या साह्यासाठी स्थापन झाली. जर्मनीत १९८३ पासून बॉन येथील संस्था निवृत्त तज्ज्ञांना परदेशी पाठवीत आली आहे. या कार्याची स्तुती पुष्कळ होते. ज्या भाषेत हा सल्ला दिला जातो तिची परीक्षा मात्र क्वचितच होते. अशा परीक्षेसाठी ‘आज्ञापत्र’ ही एक उपयुक्त कसोटी ठरेल.

साम्याची मर्यादा आरंभीच सांगितली पाहिजे. रामचंद्रपंत निवृत्त नव्हते. १६७४ च्या राज्याभिषेकाच्या वेळी तरुण वयात ते अमात्य झाले. १६८९ साली राजाराम महाराज जिंजीकडे गेले तेव्हा ‘हुकुमतपनाह’ या नात्याने महाराष्ट्रातील कारभार त्यांच्या हाती आला. शिवाजी महाराजांपासून कोल्हापूरच्या संभाजी महाराजांपर्यंत पाच छत्रपतींची कारकीर्द त्यांनी पाहिली. १७१५ साली ‘आज्ञापत्र’ सिद्ध झाले तेव्हा पन्हाळा ही कोल्हापूरकर छत्रपतींची राजधानी होती, राजाचे वय सतरा वर्षांच्या आसपास होते आणि अमात्यांचे आयुष्य संपत आले होते. पुढच्याच वर्षी ते निवर्तले. त्यांची समाधी पन्हाळ्यावर आहे. वेतन व निवृत्तिवेतन यांवर उभी असलेली निवृत्तीची कल्पना त्या काळी नव्हती. तथापि अनुभव एका बाजूस आणि उद्याची जबाबदारी दुसऱ्या बाजूस, ही स्थिती दोन्हीकडे सारखीच आहे.

‘आज्ञापत्रा’ची वाक्यरचना पाहता प्रथम नजरेत भरतात ती ‘करावे’, ‘न करावे’ अशी विध्यर्थी रूपे. ग्रंथ राजाज्ञेच्या रूपात असल्यामुळे ती अपेक्षितच आहेत. विशेष आहे ते त्यांच्या सोबतीला येणारे कारण. गडावर पाण्याचा झरा असला तरी तेवढ्यावर निश्चिंत राहू नये, खडक फोडून साठवणाची तळी बांधावीत, असा एक नियम त्यात आहे. त्याचे कारणही लगेच दिले आहे. युद्धप्रसंगी तोफांच्या आवाजाने झऱ्यांचे पाणी कमी होते; अशा वेळी साठवलेले पाणीच कामी येते. आरमारासाठी लाकूड तोडताना आंबा-फणसासारख्या झाडांना हात लावू नये, हा दुसरा नियम. ही झाडे वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, रयतेने ती मुलांप्रमाणे वाढवलेली असतात, ती तोडल्यास तिच्या दुःखाला पारावार राहत नाही, असे कारण तेथे येते. एखादे झाड जीर्ण झाले असेल तर धन्याला राजी करून व द्रव्य देऊन ते घ्यावे, अशी सवडही ठेवली आहे.

या रचनेचे महत्त्व शैलीपुरते नाही. नियमाबरोबर कारण मिळाले म्हणजे ऐकणाऱ्याला नवीन प्रसंगी स्वतः निर्णय करता येतो. तोफांचा काळ गेला तरी एकाच झऱ्यावर विसंबू नये हे तत्त्व उरते. सल्ला देणाऱ्याच्या मागे त्याचा सल्ला टिकतो तो या कारणाच्या बळावर.

आजच्या निवृत्त सल्लागाराची भाषा या कसोटीला लावली असता उणीव दिसते ती नेमकी येथेच. त्याच्या टिपणात ‘कार्यवाही करण्यात यावी’, ‘नोंदी अद्ययावत ठेवणे आवश्यक आहे’ अशी वाक्ये येतात. त्यांत कर्ता नसतो आणि कारणही नसते. ही त्याच्या पूर्वीच्या कचेरीची भाषा होय. तेथे वाक्यामागे अधिकार उभा असल्यामुळे कारण न देताही काम होत असे. सेवाभावी संस्थेत सल्लागाराला अधिकार नाही. अधिकार गेला आणि अधिकाराचे व्याकरण तेवढे शिल्लक राहिले, अशी ही अवस्था आहे.

एक साधे उदाहरण घेता येईल. सार्वजनिक विश्वस्तव्यवस्थेविषयीच्या १९५० च्या अधिनियमानुसार विश्वस्तांत बदल झाल्यास तो नव्वद दिवसांच्या आत धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयाला कळवावा लागतो. ‘बदल अर्ज मुदतीत दाखल करावा’ एवढेच सांगितले तर कार्यकर्ता तो एकदा दाखल करील आणि पुढच्या वेळी विसरेल. नोंदवहीत जुनीच नावे राहिली तर नव्या विश्वस्तांच्या सहीवर शंका घेतली जाते, बँकेचे व्यवहार अडतात, आणि वाद उद्भवल्यास संस्था कोणाची हाच प्रश्न उभा राहतो, हे त्याला समजावले तर मात्र तो नियम संस्थेचा होतो.

तथापि ‘आज्ञापत्र’ हा निर्दोष आदर्श मानता येणार नाही. त्यात बोलणारा एकच आहे. ज्या हवालदाराला, सबनिसाला वा रयतेला उद्देशून नियम केले, त्यांचा प्रतिप्रश्न ग्रंथात ऐकू येत नाही. या ठिकाणी मराठीतील दोन शब्दांकडे लक्ष वेधणे उचित होईल. ‘सल्ला’ आणि ‘मसलत’ हे दोन्ही शब्द फारसीमार्गे आलेले असून मुळात एकाच अरबी धातूचे आहेत. हित, योग्यता हा त्या धातूचा अर्थ. मराठीत मात्र त्यांच्या वाटा वेगळ्या झाल्या. सल्ला दिला किंवा घेतला जातो; मसलत होते ती चार माणसे एकत्र बसून, आणि मराठेशाहीच्या कागदपत्रांत तर हा शब्द मोहिमेसाठीही योजलेला आढळतो. सल्ल्यात देणारा वेगळा व करणारा वेगळा. मसलतीत ते एकाच कामाचे भागीदार असतात.

मसलतीचे उदाहरण महाराष्ट्राला अपरिचित नाही. प्रवरानगरच्या सहकारी साखर कारखान्याचे पहिले अध्यक्षपद अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ यांनी स्वीकारले. ते निवृत्त नव्हते, पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे संचालक होते. आणि कारखाना ही धर्मादाय संस्थाही नव्हे. परंतु विठ्ठलराव विखे पाटील व ऊस पिकवणारे शेतकरी यांच्यासमवेत त्यांनी जबाबदारी घेतली. त्यांचा शब्द चुकला असता तर त्याचा दोष त्यांच्याही माथी आला असता. टिपण देऊन मोकळा होणारा सल्लागार आणि असा सहभागी तज्ज्ञ यांतील अंतर हेच आहे.

शेवटचा मुद्दा निःस्पृहतेचा. ‘आज्ञापत्रा’त वतनदारांविषयी सावधगिरीचा इशारा आहे, सेवेचे बक्षीस म्हणून भूमी देण्याची प्रथा राज्याला कशी पोखरते, हेही सांगितले आहे. ज्या अमात्यांनी हे सांगितले त्यांच्याच घराण्याकडे बावड्याची जहागीर विसाव्या शतकापर्यंत वंशपरंपरेने चालली. यात दांभिकता पाहण्यापेक्षा, सेवेचे वतन कसे होते याचे हे उदाहरण मानणे अधिक न्याय्य होईल. विनामूल्य सल्लागारही या नियमाला अपवाद नाही. तो पैसा घेत नाही म्हणून त्याला कोणी जाब विचारीत नाही. हळूहळू त्याच्यावाचून बैठक होत नाही, त्याच्या संमतीवाचून पत्र जात नाही. वेतनाच्या जागी मान येतो, आणि मानाचे वतन हिरावून घेणे धनाच्या वतनापेक्षाही अवघड असते.

म्हणून निवृत्तांच्या या सेवेचे मूल्यमापन त्यांनी दिलेल्या तासांवरून किंवा त्यांच्या पूर्वीच्या पदांवरून करणे पुरेसे नाही. ते निघून गेल्यावर संस्थेतील तरुण कार्यकर्त्याला ते काम करता येते काय, आणि ते तसेच का करावयाचे याचे कारण त्याला स्वतःच्या शब्दांत सांगता येते काय, हे दोन प्रश्न विचारले पाहिजेत. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर नकारार्थी असेल तर सल्ला दिला गेला, पण तो पोहोचला नाही, असाच निष्कर्ष काढावा लागेल.