निनवेविषयीं दोन निवाडे : योना आणि नहूम

इब्री प्रवक्त्यांच्या बारा लघुग्रंथांपैकीं योना व नहूम या दोहोंचा विषय एकच, अश्शूरची नगरी निनवे. एकांत ती पश्चात्तापानें वांचते. दुसऱ्यांत तिच्या नाशाचा जयघोष आहे. यावरून नहूम सूडबुद्धीचा व योनाकार उदारमताचा, अशी वांटणी करण्याचा प्रघात पडला आहे. आमच्या मतें ती मूळ ग्रंथांस धरून नाहीं.

प्रथम काळ पाहूं. नहूम थीब्झच्या पाडावाचा दाखला देतो. तो पाडाव इ. स. पू. ६६३ मध्यें झाला, आणि निनवे इ. स. पू. ६१२ मध्यें मीड व बाबिलोनी सैन्यांनीं घेतली. नहूमाची वाणी साधारणतः या दोहोंमधली मानतात. योना हा दुसऱ्या यराबामाच्या वेळचा, म्हणजे इ. स. पू. आठव्या शतकांतला पुरुष. परंतु निनवेला राजधानीचा मान सन्हेरीबानें पुढें दिला, आणि ग्रंथांत तर निनवेचा राजा सिंहासनावरून उतरतो. ग्रंथाची भाषाही उत्तरकालीन असल्यामुळें बहुतेक अभ्यासक तो बंदिवासानंतरचा धरतात. सारांश, ही बखर नव्हे, बोधकथा होय.

आतां अंतर्गत पुरावा. निर्गमाच्या ३४ व्या अध्यायांत ईश्वरी गुणांची एक सूत्ररूप मालिका आहे : तो कृपाळु, मंदक्रोध व क्षमाशील, तथापि अपराध्यास दंडावांचून न सोडणारा. नहूम यांतील मंदक्रोध व दंड ठेवतो, क्षमा गाळतो. योना क्षमा ठेवून दंड गाळतो. आणि विशेष हें कीं, हे गुण तो स्तुति म्हणून नव्हे, तक्रार म्हणून उच्चारतो.

ही तक्रार क्षुल्लक मानूं नये. इ. स. पू. ७२२ च्या सुमारास अश्शूरनें शोमरोन घेऊन योनाचेंच राज्य बुडविलें. इ. स. पू. ७०१ मध्यें लाखीश पडलें; तेथील कैद्यांचे हाल निनवेच्या राजवाड्यांत शिलापटांवर कोरलेले होते, ते आज ब्रिटिश म्युझियममध्यें आहेत. निनवेला मिळालेल्या दयेची किंमत पुढें कोणी भरली, हें वाचकास ठाऊक होतें.

तरीही दोघांत केवळ विरोध नाहीं. नहूम ईश्वरास संकटांतील आश्रय म्हणतो. योनाच्या ग्रंथांत निनवेचे लोक हातचा जुलूम टाकतात, तेव्हांच अरिष्ट टळतें. दोन्ही ग्रंथ प्रश्नानेंच संपतात. नहूमाचा प्रश्न जुलूम सोसलेल्यांच्या वतीनें आहे. योनाच्या ग्रंथांतील प्रश्न १,२०,००० हून अधिक अजाण माणसांच्या व गुरांच्या वतीनें. पहिल्याचें उत्तर दुसरा देत नाहीं, हें योनाकाराचें न्यून म्हणतां येईल. परंतु संग्राहकांनीं दोन्ही प्रश्न एकाच संग्रहांत राखले, आणि ग्रीक भाषांतराच्या अनुक्रमांत तर ते लागोपाठ येतात. एक गाळून दुसरा वाचणें म्हणजे योना व नहूम यांनीं सूत्राचें जें केलें, तेंच आपण संग्रहाचें करणें होय.