जिद्द दिसते, पाऊल दिसत नाही

टी. रामाराव यांच्या ‘नाचे मयूरी’त (१९८६) सुधा चंद्रन स्वतःचीच गोष्ट जगतात. अपघातानंतर पाय गमावूनही त्यांचं नृत्य खरं आहे, म्हणून ते भिडतं. पण सिनेमाचा भर जिद्दीवर. जयपूर फूटची करामत मागेच राहते. डॉ. प्रमोद सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा यांनी घडवलेलं हे रबरी पाऊल घोट्याशी लवतं, अनवाणी टेकतं. अरमंडीत बसून जमिनीवर पाऊल आपटणाऱ्या भरतनाट्यमला नेमकं हेच लागतं.

आपण मात्र ‘दुखणं सोसलं की नृत्य येतं’ एवढंच घेऊन उठतो. क्लासमध्ये गुडघा दुखत असूनही थांबायला लाजणाऱ्या मुलीला ही अर्धी गोष्ट महागात पडते. दुखणं ही शरीराची सूचना आहे. ती ऐकणं हाही रियाजच.