अमिगा संगणकावरील रॅम डिस्क : धूळपाटी आणि पोथी

रॅम डिस्क ह्या योजनेचे विवेचन बहुधा वेगाच्या परिभाषेत केले जाते. संगणकाच्या अस्थायी स्मृतीचा काही भाग बाजूला काढून त्यास डिस्कचे सोंग द्यावयाचे, म्हणजे फिरत्या फ्लॉपीवरून फाइल वाचण्यास लागणारा वेळ वाचतो, असे तिचे वर्णन सामान्यतः आढळते. हे वर्णन चूक नाही. परंतु अपुरे आहे. वेग हा रॅम डिस्कचा उघड गुण होय. तिची खरी परीक्षा मात्र तिच्यात काय ठेवले आहे, आणि ते नाहीसे झाले असता मागे काय उरते, ह्या प्रश्नाने व्हावयास हवी. कमोडोर कंपनीच्या अमिगा ह्या गृहसंगणकावर ह्या प्रश्नाची दोन भिन्न उत्तरे शेजारी शेजारी नांदत होती. म्हणून ह्या परीक्षेस त्याचा दाखला विशेष सोयीचा आहे.

प्रथम पूर्वपीठिका पाहिली पाहिजे. १९८० नंतरच्या दशकातील पुष्कळ गृहसंगणकांचा प्रोसेसर एका वेळी ६४ किलोबाइटांपलीकडची स्मृती पाहू शकत नसे. अशा यंत्रात १२८ किलोबाइट स्मृती बसवली, तरी तिचे वाढीव तुकडे आळीपाळीने प्रोसेसरसमोर आणावे लागत, आणि साध्या प्रोग्रॅमास त्यांचा सहज उपयोग होत नसे. रॅम डिस्क हा ह्या अडचणीतून निघालेला एक सुलभ मार्ग होता. १२८ किलोबाइटांच्या ॲपल टू संगणकावर प्रोडॉस ही कार्यप्रणाली वाढीव ६४ किलोबाइटांची रॅम डिस्क आपोआप तयार करी. १९८५ साली आलेल्या ॲमस्ट्रॅड पीसीडब्ल्यू ८२५६ ह्या यंत्रातील 'एम' नावाचा ड्राइव्ह ह्याच जातीचा होता. एरवी पडीक राहणारी जमीन लागवडीस आणावी, तसा हा उपयोग होता. त्यात फारसे काही गमवावे लागत नसे.

अमिगाची गोष्ट निराळी. १९८५ मध्ये आलेल्या ह्या संगणकाचा मोटोरोला ६८००० प्रोसेसर १६ मेगाबाइटांपर्यंतचे पत्ते थेट वापरू शके. त्यामुळे यंत्रात जी काही स्मृती असेल ती प्रोग्रॅमांच्या उपयोगाची असे. पडीक अशी जमीन तेथे नव्हतीच. १९८७ च्या अमिगा ५०० मध्ये मुळात ५१२ किलोबाइट स्मृती होती, आणि पडद्यावरील चित्र व ध्वनी ह्यांचाही वाटा तिच्यातूनच निघे. अशा यंत्रावर रॅम डिस्क उभारणे म्हणजे एकाच ताटातला घास दुसऱ्यासाठी काढणे होय. तिचा विचार केवळ लाभाच्या बाजूने करता येत नाही, ह्याचे पहिले कारण हे आहे.

असे असूनही अमिगाच्या वापरकर्त्यांना रॅम डिस्कची ओढ का वाटावी? ह्याचे उत्तर अमिगाडॉसच्या रचनेत आहे. यादी दाखवणे, नक्कल करणे, फाइल पुसणे ह्यांसारख्या बहुतेक आज्ञा 'सी' नावाच्या डिरेक्टरीत स्वतंत्र फाइलींच्या रूपाने असत. ज्याच्याजवळ एकच फ्लॉपी ड्राइव्ह असे, त्याने आपल्या कामाची फ्लॉपी आत ठेवून एखादी साधी आज्ञा दिली, तरी यंत्र पुन्हा वर्कबेंचची फ्लॉपी मागे. ह्या अदलाबदलीवरचा उपाय 'स्टार्टअप-सिक्वेन्स' ह्या आरंभीच्या आज्ञापत्रात दोन-तीन ओळी घालून साधत असे. 'मेकडिर' ह्या आज्ञेने 'रॅम:' मध्ये 'सी' नावाची डिरेक्टरी करावयाची, 'कॉपी' ने नित्याच्या आज्ञा तीत उतरवावयाच्या, आणि 'असाइन' ने 'सी:' हे नाव त्या नव्या जागेस जोडावयाचे. त्यानंतर यंत्र त्या आज्ञांचा शोध स्मृतीतच घेई. तेथे नसलेली आज्ञा मात्र सहजी सापडत नसे. म्हणून कोणत्या आज्ञा निवडावयाच्या हा निर्णय विचारपूर्वक घ्यावा लागे.

ह्या उपायातील एक उणीव सहसा दुर्लक्षित राहते. 'रॅम:' मध्ये ठेवलेली आज्ञा चालवताना तिची आणखी एक नक्कल स्मृतीत चढवली जाते. कारण कार्यप्रणालीच्या लेखी ती डिस्कवरची फाइलच असते. अर्थात आज्ञा चालू असेपर्यंत तीच गोष्ट स्मृतीत दोनदा नांदते. १.३ ह्या आवृत्तीतील 'रेसिडेंट' ही आज्ञा ह्याहून काटकसरीची होती. तिच्या योगे आज्ञेची एकच प्रत स्मृतीत राही आणि ती असेल तेथूनच चाले; मात्र त्यासाठी ती आज्ञा विशिष्ट शिस्तीने लिहिलेली असावी लागे. म्हणजे नित्याच्या आज्ञा हाताशी ठेवणे एवढाच हेतू असेल, तर रॅम डिस्क हे त्याचे सर्वोत्तम साधन नव्हे, असेच म्हणावे लागते.

आता 'रॅम:' चा स्वभाव पाहू. तिला ठरावीक आकार नाही. फाइल आत आली की ती वाढते. फाइल पुसली की ती आक्रसते आणि मोकळी झालेली स्मृती प्रोग्रॅमांना परत मिळते. ह्याचा एक चमत्कारिक परिणाम असा की, १.३ मध्ये 'इन्फो' ही आज्ञा दिली असता 'रॅम:' सदैव शंभर टक्के भरलेली दिसे. नवख्याला हा दोष वाटे. वस्तुतः तो प्रामाणिकपणा होता. जेवढे आत आहे तेवढाच जिचा आकार, तिच्यात रिकामी जागा दाखवणार कोठून? आपली म्हणून कोणतीही मिळकत नाही, आहे ते सर्व उसने आहे, असेच जणू ती सांगत होती. यंत्र पुन्हा सुरू केले की ती कोरी होई. जुन्या शाळांतील धूळपाटीप्रमाणे तिच्यावरचे लेखन पुसले जाण्यासाठीच होते, आणि ही गोष्ट तिने कधी लपवली नाही.

१.३ ह्या आवृत्तीबरोबर आलेली 'रॅड:' ही डिस्क मात्र वेगळ्या जातीची होती. तिचा आकार 'माउंटलिस्ट' ह्या फाइलीत आधी ठरवावा लागे, आणि तो खऱ्या फ्लॉपीच्या भाषेत सांगावा लागे. दोन पृष्ठभाग, प्रत्येक मार्गावर ११ खंड आणि प्रत्येक खंडात ५१२ बाइट धरले, तर एक सिलिंडर ११,२६४ बाइटांचा, म्हणजे ११ किलोबाइटांचा होतो. शेवटचा सिलिंडर २१ वा लिहिला, तर शून्यापासून मोजून २२ सिलिंडरांची २४२ किलोबाइटांची डिस्क मिळे. ७९ वा लिहिला, तर पूर्ण फ्लॉपीएवढी ८८० किलोबाइटांची. एक मेगाबाइट स्मृती असलेल्या यंत्रावर अशी पूर्ण आकाराची डिस्क भरली, तर बाकीच्या साऱ्या व्यवहारास १४४ किलोबाइट उरतात. शिवाय तिच्यातील फाइल पुसली, तरी तिने व्यापलेली स्मृती प्रोग्रॅमांना परत मिळत नसे.

ह्या मोबदल्यात 'रॅड:' एक मोठी गोष्ट देई. कंट्रोल आणि दोन्ही अमिगा कळा एकदम दाबून यंत्र पुन्हा सुरू केले, तरी तिच्यातील फाइली टिकून राहत. इतकेच नव्हे, तर यंत्राचा आरंभही तिच्यावरून करता येई. पुनरारंभाच्या वेळी कार्यप्रणाली राखून ठेवलेल्या स्मृतीच्या नोंदींचा ताळा घेई, आणि ताळा जमला तर ती स्मृती जशीच्या तशी सोडी. वारंवार कोलमडणाऱ्या प्रोग्रॅमांवर काम करणाऱ्यांना ही सोय बहुमोल होती, ह्यात शंका नाही.

परंतु 'रॅड:' चा धोकाही नेमका येथेच आहे. बिघडलेल्या प्रोग्रॅमाने त्या नोंदींवरच काही लिहिले, तर ताळा जमत नाही. वीज गेली, तर ताळ्याचा प्रश्नच उरत नाही. दहा वेळा टिकलेली वस्तू अकराव्या वेळीही टिकेल, हा मनुष्यस्वभावातील विश्वास 'रॅड:' वाढवते आणि तो पाळण्याची हमी मात्र देत नाही. 'रॅम:' वर कोणी आपला लेख रात्रभर ठेवणार नाही. 'रॅड:' वर ठेवण्याचा मोह होतो. तिला पोथीचे रूप आहे, पण कागद धुळीचा आहे. म्हणून अधिक समर्थ असूनही, ह्या एका बाबतीत ती 'रॅम:' हून कमी प्रामाणिक ठरते.

ह्यावरून रॅम डिस्कच्या योग्य वापराचा निकष हाती येतो. तिच्यात प्रत असावी, मूळ असू नये. आज्ञांच्या नकला, संकलनाच्या वेळी होणाऱ्या तात्पुरत्या फाइली, पुन्हा निर्माण करता येईल अशी कोणतीही सामग्री तिच्यात शोभते. जे अन्यत्र कोठेच नाही ते तिच्यात शोभत नाही. हा निकष बाहेरून लादलेला नाही. १९९० मध्ये आलेल्या २.० आवृत्तीच्या कर्त्यांनी तो स्वतःच आपल्या रचनेत उतरवला. तेथे वापरकर्त्याच्या आवडीनिवडींची चालू प्रत 'एन्व्ह:' ह्या नावाने रॅम डिस्कमध्ये असे, आणि मूळ प्रत 'एन्व्हार्क:' ह्या नावाने खऱ्या डिस्कवर. आरंभी मुळाची नक्कल स्मृतीत उतरे. पुढे फेरफार करताना 'यूज' निवडले, तर तो स्मृतीपुरताच राही. 'सेव्ह' निवडले, तर मूळ प्रतीतही जाई. धूळपाटीवर मांडून पाहणे आणि पोथीत उतरवणे ह्या दोन क्रिया येथे दोन स्वतंत्र शब्दांनी वापरकर्त्यापुढे आल्या. अमिगाच्या रॅम डिस्कविषयक विचाराची परिणती 'रॅड:' च्या सामर्थ्यात नव्हे, तर ह्या साध्या विभागणीत पाहावयास हवी.

संगणकाच्या इतिहासाच्या अभ्यासकासही ह्या भेदाचे महत्त्व आहे. अमिगाच्या फ्लॉपी आज ९,०१,१२० बाइटांच्या प्रतिमा-फाइलींच्या रूपाने जतन केल्या जातात. वापरकर्त्याच्या रॅम डिस्कमधले त्यांत काहीच येत नाही. येते ते त्याचे स्टार्टअप-सिक्वेन्स आणि माउंटलिस्ट. त्यांतील ओळींवरून त्याने काय हाताशी ठेवले, त्यासाठी किती स्मृती खर्ची घातली आणि कशाला जाऊ देण्याची त्याची तयारी होती, एवढे निश्चित वाचता येते. जुन्या गृहसंगणकांवरील साहित्याची पाठचिकित्सा कधी पद्धतशीरपणे झाली, तर तिचा आरंभ ह्या आज्ञापत्रांपासून व्हावयास हरकत नाही.