मँगॅनीजयुक्त जस्त-सल्फाइड : एका प्रतिपादनाचे परीक्षण

डोंगरी बुजुर्ग व चिखला येथील खाणींमुळे मँगॅनीज भंडारा जिल्ह्यास सुपरिचित आहे. हेच मूलद्रव्य जस्त-सल्फाइडाच्या अब्जांश कणांत अल्प प्रमाणात मिसळले असता नारिंगी दीप्ती मिळते. कण लहान होताच या दीप्तीचा आयुःकाल मिलिसेकंदांवरून नॅनोसेकंदांवर येतो, असे प्रतिपादन भार्गव व सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये केले. पुढील वर्षी पुणे विद्यापीठातील सुलभा कुलकर्णी यांच्या गटाने असे कण जलीय पद्धतीने सिद्ध केले.

भार्गवांच्या लेखाने या विषयास चालना दिली, हे श्रेय निर्विवाद आहे. प्रतिपादन मात्र टिकले नाही. शीघ्र क्षय जस्त-सल्फाइडातील दोषजन्य दीप्तीचा असून मँगॅनीजची दीप्ती मिलिसेकंदांचीच राहते, असे बोल व मेयरिंक यांनी १९९८ मध्ये दाखविले. आकाराने बद्ध होतात ते स्फटिकभर पसरलेले इलेक्ट्रॉन. त्यामुळे सुमारे ३.७ इलेक्ट्रॉन-व्होल्टचे ऊर्जा-अंतर रुंदावते. मँगॅनीजचे डी-इलेक्ट्रॉन मूळचेच आयनापाशी स्थानबद्ध. त्यांना कणाची सीमा फारशी जाणवत नाही.

सारांश, कण लहान म्हणून त्याचा प्रत्येक गुणधर्म पुंजपरिणामजन्य मानणे सदोष होय. कोणता इलेक्ट्रॉन बद्ध झाला, हा प्रश्न अभ्यासकाने प्रथम विचारावा.