हौस, गुन्हा आणि एका बाईची जबानी

बावला खून खटल्याला १२ जानेवारी २०२५ रोजी शंभर वर्षे झाली. शंभरी म्हटली की आठवणी निघतात, लेख येतात, आणि इतिहासाची आवड असलेली मंडळी चार डोकी जमवून बसतात. हा खटला तसा कधीच विस्मरणात गेला नव्हता. राजा, नर्तकी, तरुण व्यापारी, मोटारगाडी, पिस्तूल, मलबार हिल आणि मुंबईचे उच्च न्यायालय इतके सगळे एका प्रकरणात आले म्हटल्यावर तो विसरणार कोण? विसर पडला असेल तर तो दुसऱ्याच गोष्टीचा, आणि या लेखाचा विषय तोच आहे.

आधी हकीकत थोडक्यात सांगते. अब्दुल कादर बावला हा मुंबईतला पंचविशीतला श्रीमंत मुसलमान व्यापारी. इंदूरचे महाराज तुकोजीराव होळकर यांच्या दरबारातून निघून आलेली मुमताज बेगम त्याच्या आश्रयाने मुंबईत राहत होती. १२ जानेवारी १९२५ च्या संध्याकाळी दोघे मोटारीतून मलबार हिलवर फिरायला गेले असता दुसऱ्या मोटारीतून आलेल्या टोळीने त्यांची गाडी अडवली. मुमताजला पळवून नेण्याचा त्यांचा बेत होता. बावलावर गोळ्या झाडल्या गेल्या, मुमताजच्या चेहऱ्यावर चाकूचे वार झाले. त्याच वेळी गोल्फ खेळून परतणारे इंग्रज लष्करी अधिकारी तिथे पोहोचले. त्यांच्यातल्या लेफ्टनंट सेगर्टने हातातल्या गोल्फच्या काठीने हल्लेखोरांना झोडपले, स्वतः गोळी खाल्ली आणि मुमताज वाचली. बावला मात्र गेला. नऊ जणांवर न्यायमूर्ती क्रंप यांच्यासमोर खटला चालला. मे १९२५ मध्ये तिघांना फाशीची आणि इतर काहींना जन्मठेपेची शिक्षा झाली. पुढे चौकशी आयोगाला सामोरे जा किंवा गादी सोडा, असा पेच सरकारने महाराजांपुढे टाकला आणि फेब्रुवारी १९२६ मध्ये त्यांनी गादी सोडली.

या शंभरीच्या निमित्ताने आमच्या डहाणूतही काही हौशी मंडळी जमू लागली. कुणी रेल्वेतून निवृत्त झालेले, कुणी चिकूच्या वाडीचे मालक, एक वकिलाकडचे कारकून, दोन-तीन शिक्षक आणि तलासरीहून येणारी कॉलेजची मुले. एका रविवारी ही सगळी डहाणू रोडहून लोकल पकडून मुंबईला गेली, मलबार हिलचा चढ चढून आली, उच्च न्यायालयाची इमारत बाहेरून पाहून आली. पत्रकार धवल कुलकर्णी यांचे या खटल्यावरचे इंग्रजी पुस्तक हातोहात फिरले. मी उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवते. इतिहास हा माझा पदवीचा विषय नव्हे, म्हणून मीही हौशीच. या बैठकांना जे ऐकले, त्याचीच समीक्षा इथे करायची आहे. कारण एखाद्या पुस्तकाइतकेच बैठकीतले बोलणेही वाचता येते. त्यालाही रचना असते, नायक असतो, आणि गाळलेली पाने असतात.

प्रथम या मंडळींच्या बाजूने बोलले पाहिजे. विद्यापीठातला संशोधक वर्षानुवर्षे एका कोपऱ्यात खोदतो, त्याची दाद देणारे पाच-दहाच. हौशी माणसाला ना पदवी मिळवायची असते ना बढती. तो स्वतःच्या खिशातून तिकीट काढतो, जुन्या नकाशावर आजचे रस्ते लावून पाहतो, आणि न लाजता प्रश्न विचारतो. आमच्या त्या कारकुनांनी पहिल्याच दिवशी विचारले, की हल्लेखोरांचा खर्च कोणी केला? मोटार, मुंबईतला मुक्काम, जेवणखाण याचा हिशोब कुठेतरी असणारच. हा प्रश्न कुठल्याही प्राध्यापकाने अभिमानाने विचारावा असा आहे. हौसेला मोल नाही, ही आपली म्हण दोन्ही अर्थांनी खरी.

परंतु हौस या शब्दाकडे जरा थांबून पाहू. मराठीने तो हवस या शब्दावरून घेतला. मराठीत येताना शब्द निवळला. लग्नाची हौस, दागिन्यांची हौस, नातवंडांची हौस. सगळे गोड आणि घरगुती. उर्दूत मात्र हवस अजूनही लालसाच आहे. तिथे चांगल्या आवडीला शौक म्हणतात. दोन्ही भाषांत वावरणाऱ्या आपल्यासारख्यांच्या कानाला एकाच शब्दात दोन्ही सूर ऐकू येतात. खुनाच्या इतिहासाची हौस ही अशी दोन सुरांची गोष्ट आहे. बैठकीत पहिला तास शौकाचा जातो. दुसऱ्या तासाला नकळत हवसेचा सूर लागतो. ती दिसायला कशी होती? महाराजांनी तिला काय काय दिले होते? बावलाशी तिचे नेमके नाते काय? चहा येईपर्यंत खुनाचा विषय मागे पडलेला असतो आणि बाईच्या चारित्र्याची चौकशी सुरू झालेली असते.

दुसरा शब्द गुन्हा. मराठीत पाप वेगळे आणि गुन्हा वेगळा. गुन्हा पोलिसात नोंदवला जातो, पाप वर. उर्दूत याच शब्दाचे मूळ रूप गुनाह, आणि त्याचा अर्थ पाप. कायद्याच्या गुन्ह्याला तिथे जुर्म म्हणतात. शब्दकोशापुरता हा फरक गमतीचा वाटेल, पण बावला खटल्याच्या शंभर वर्षांच्या कथनात नेमका हाच घोळ झालेला दिसतो. मलबार हिलवर जे घडले तो जुर्म होता आणि तो करणारे ठरलेले होते. तरीही सांगणाऱ्याचा सगळा रस मुमताजच्या गुनाहमध्ये. तिच्यामुळे एक तरुण गेला, तिच्यामुळे राजाची गादी गेली, असे सर्रास म्हटले जाते. चाकू तिच्याच चेहऱ्यावर चालला होता, ही गोष्ट वाक्याच्या शेवटी येते किंवा येतही नाही.

मग तिने स्वतः काय सांगितले? न्यायालयात तिची साक्ष झाली. विशीतली ती तरुणी भरलेल्या न्यायालयात उभी राहिली आणि इंदूरमधल्या सुमारे दहा वर्षांचे आयुष्य तिने सांगितले. आपल्यावर पहारा असे, हे सांगितले. तिथे तिला मुलगी झाली होती. त्या मुलीला सुइणींनी मारले, आणि म्हणून आपल्याला इंदुरात राहायचे नव्हते, असे ती म्हणाली. महाराजांच्या माणसांसोबत प्रवास करताना ती दिल्लीला गाडीतून उतरली आणि पुढे जायला तिने नकार दिला.

ही जबानी शांतपणे वाचली तर खटल्याचे सगळे रूप बदलते. विशीतल्या बाईची दहा वर्षे दरबारात गेली, याचा अर्थ ती तिथे शाळकरी वयात पोहोचली. माझ्या वर्गात बसणाऱ्या मुली साधारण त्याच वयाच्या आहेत. एकदा हा हिशोब मांडला की 'राजाची प्रेयसी' हा शब्दप्रयोग जिभेवर येत नाही. आणि तिने सांगितलेला मुलीचा मृत्यू? मलबार हिलवरच्या खुनाचा शोध घेणाऱ्या कितीजणांनी या दुसऱ्या आरोपापाशी पाय थांबवले? एका खुनासाठी पोलीस, वकील, ज्युरी, अपील, लंडनची प्रिव्ही कौन्सिल. दुसऱ्यासाठी आईचे दोन वाक्यांचे निवेदन, तेही भलत्याच खटल्यात ओघाने आलेले.

हौशी अभ्यासकांचा मोठा प्रश्न अर्थातच वेगळा असतो, की हुकूम कोणाचा? तो गैर नाही. खुद्द न्यायमूर्ती क्रंप यांनीही हल्ल्यामागे आणखी कोणी असल्याचे, मात्र न्यायालय त्यांच्याकडे नेमके बोट दाखवू शकत नसल्याचे सूचित केले होते. अधुरा राहिलेला प्रश्न माणसाला खुणावतोच. पण या प्रश्नाने खटला कोडे होऊन बसतो. कोड्यात राजा, वजीर, प्यादी असतात. प्याद्याला बोलता येत नाही. इथे तर प्यादेच बोलले होते आणि तेच कुणी ऐकले नाही.

ही सवय आजची नाही. खटल्याच्या वर्षीच, १९२५ मध्ये, कोहिनूर फिल्म कंपनीने होमी मास्टर यांच्या दिग्दर्शनाखाली 'कुलीन कांता' हा मूकपट या प्रकरणावर काढला. निकालाची शाई वाळते न वाळते तोच मुमताजचे आयुष्य पडद्यावर आले, आणि तेही मूक. त्याही मागे जायचे तर ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात झालेला नारायणराव पेशव्यांचा खून पाहा. मारेकरी गारदी, त्यांना हाताशी धरणारे राघोबादादा, चौकशी करणारे रामशास्त्री. पण मराठी भाषेने वाक्प्रचार कोणाच्या नावावर करून ठेवला? 'ध चा मा' आनंदीबाईंच्या नावावर. पत्रातल्या एका अक्षराची ती कथा खरी की रचलेली, याचा वाद इतिहासकारांनी करावा. लोकांच्या जिभेने निकाल कधीच देऊन टाकला आहे. शनिवारवाडा पाहायला गेलेल्या शाळेच्या सहलीतल्या कुठल्याही मुलाला विचारा, सुमेरसिंग गारदी त्याला माहीत नसेल, आनंदीबाई माहीत असते.

बाहेरच्या जगातही हेच. लंडनच्या व्हाइटचॅपल भागात १८८८ मध्ये पाच बायकांचे खून झाले. खुनी सापडला नाही. त्याला 'जॅक द रिपर' हे नाव मिळाले आणि त्याच्या मागावर निघालेल्या हौशी लोकांचे एक वेगळे जगच उभे राहिले. आजही तिथे रात्रीच्या वेळी पायी सहली निघतात. २०१९ मध्ये हॅली रुबेनहोल्ड या लेखिकेने 'द फाइव्ह' हे पुस्तक लिहिले आणि खुनी कोण हा प्रश्न बाजूला ठेवून त्या पाच बायका कोण होत्या हे शोधले. त्यांचा जन्म, नवरे, मुले, दारिद्र्य, व्यसन, रात्रीच्या निवाऱ्याचे हाल. पाचहीजणी देहविक्रय करणाऱ्या होत्या, ही शतकभराची समजूतही पुराव्याला टिकत नाही, असे तिने दाखवले. कागदपत्रे पुष्कळशी तिथेच होती. प्रश्न बदलला, म्हणून ती बोलू लागली.

आता एका अवघड गोष्टीकडे वळते. आमच्या बैठकीत एकाने आरोपींची नावे फळ्यावर लिहिली आणि दुसऱ्याने सहज मोजणी केली, की यात हिंदू किती, मुसलमान किती. दोन्ही निघाले. मेलेला मुसलमान, फाशी झालेल्यांत शफी अहमद आणि शामराव दिघे दोघेही, आरोपी आनंदराव फणसे यांचे वकील बॅरिस्टर जीना. मोजणी करणाऱ्याच्या हाती काहीच लागले नाही. पण मोजावेसे वाटले, हे लक्षात राहण्यासारखे आहे.

डहाणू तालुक्यात राहणाऱ्यांना या मोजणीची किंमत ठाऊक आहे. १६ एप्रिल २०२० च्या रात्री, टाळेबंदीच्या काळात, याच तालुक्यातल्या गडचिंचले गावात मुले पळवणाऱ्यांच्या अफवेने पेटलेल्या जमावाने दोन साधू आणि त्यांचा चालक यांना ठेचून मारले. काही दिवसांत मोबाइलवरून त्याला धर्माचा रंग चढला. तेव्हाचे गृहमंत्री अनिल देशमुख यांना अटक झालेल्या १०१ जणांची यादी जाहीर करून त्यात एकही मुसलमान नाही, असे सांगावे लागले. आपल्यापैकी अनेकांनी त्या यादीने सुटकेचा श्वास सोडला. तो साहजिकच होता. तरी यादी वाचण्याच्या घाईत मेलेल्या तिघांचे काय झाले? तेही नावांच्या मोजणीखाली गेले. खून झालेला माणूस असा दोनदा मरतो.

आपल्या समाजाची या बाबतीतली जबाबदारीही टाळता येणार नाही. मुमताज बेगमची गोष्ट निघाली की आपल्यातले शहाणेसुरते लोक खाकरतात. नाचगाण्याच्या घराण्यातली बाई, तिचे काय सांगायचे? शरीफ घरात असली चर्चा नको. बावलाच्या श्रीमंतीबद्दल बोलतील, जीनांच्या वकिलीबद्दल अर्धा तास बोलतील. मुस्लिम मराठी साहित्याने मोलमजुरी करणाऱ्या, तलाक दिलेल्या, बिडी वळणाऱ्या बायांना शब्द दिला, ही त्याची मोठी कमाई आहे. त्या रांगेत मुमताजला जागा मिळू नये, इतकी ती परकी का वाटावी? जिला शरीफ मानत नाही तिची साक्षही मानायची नाही, हा न्याय न्यायमूर्ती क्रंप यांच्या न्यायालयानेही लावला नव्हता.

हौशी मंडळींनी जमणे थांबवावे, असे मला मुळीच म्हणायचे नाही. उलट तलासरीच्या मुलांनी आपल्या भागातल्या जुन्या खटल्यांचे कागद शोधायची भाषा सुरू केली आहे, ती त्यांनी तडीस न्यावी. बैठकीची रीत मात्र बदलावी. सुरुवात घटनास्थळाच्या नकाशाने करण्याऐवजी वाचलेल्या साक्षीदाराच्या जबानीने करावी. ती मोठ्याने वाचावी, आणि शक्य तर एखाद्या बाईने वाचावी. तिला काय विचारले आणि काय विचारलेच नाही, याची वेगळी नोंद करावी. न्यायालयाची भाषा इंग्रजी, तिच्या घराची भाषा वेगळी. मधल्या वाटेत काय गळाले असेल, यावर बोलावे. दोन भाषांत शिकवणाऱ्या आपल्यासारख्यांचा उपयोग इथेच आहे. हुकूम कोणाचा, हा प्रश्न त्यानंतर घ्यावा. तोवर तो निदान नुसते कोडे राहिलेला नसेल.

जबानी हा शब्दही जबान या फारसी शब्दावरून आला. जबान म्हणजे जीभ, आणि जबान म्हणजे दिलेला शब्दही. मुमताज बेगमने तिची जबान १९२५ मध्येच दिली. ऐकून घेणे अजून आपल्याकडे बाकी आहे.